हाताने लिहिलेला बोर्डिंग पास

(विमानप्रवास आज संगणकांवर अवलंबून आहे. हे संगणक बंद पाडण्याचे, त्यांना फसवण्याचे आणि त्यांतील माहिती चोरण्याचे प्रकार जगात घडत आहेत. असे हल्ले कसे होतात, त्यामुळे प्रवाशांची कशी अडचण होते आणि अशा वेळी विमानतळावरील माणसे काम कसे चालू ठेवतात, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

तुमच्यापैकी पुष्कळांनी विमानतळ पाहिला असेल. कोणी आखाती देशातून सुट्टीवर येणाऱ्या मामांना आणायला गेले असेल, तर कोणी हजला निघालेल्या आजी-आजोबांना निरोप द्यायला. उर्दूत आपण त्याला हवाई अड्डा म्हणतो, मराठीत विमानतळ. तळ म्हणजे मुक्काम करण्याची जागा. फौजेचा तळ असतो, तसा हा विमानांचा तळ.

विमानतळावरचा बंदोबस्त कडक असतो. दारातच बंदूकधारी जवान उभा असतो. तो तिकीट पाहतो, ओळखपत्र पाहतो आणि मग आपल्या चेहऱ्याकडे पाहतो. पुढे सामान यंत्रातून जाते. खिशातली नाणीसुद्धा काढून ठेवावी लागतात. इतका बंदोबस्त पाहून वाटते, येथे चोर शिरणार तरी कोठून? पण ज्या चोराची माहिती आपण घेणार आहोत, तो या दाराने येतच नाही. तो तारेतून येतो. कित्येकदा तो दुसऱ्याच देशात, आपल्या घरात खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्याजवळ शस्त्र नसते, संगणक असतो.

असा माणूस दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरतो. त्याला हॅकर म्हणतात आणि त्याच्या या कृत्याला सायबर हल्ला म्हणतात. चित्रपटांत हॅकर आकाशातले विमानच पळवून नेतो. ते पाहायला मजा येते, पण त्यामुळे आपले लक्ष भलतीकडे जाते. विमान उडवणारी यंत्रणा आणि प्रवाशांना गाणी किंवा इंटरनेट पुरवणारी यंत्रणा मुद्दाम एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात. आजवर जे हल्ले गाजले, त्यांतील बहुतेक जमिनीवरच्या संगणकांवर झाले आहेत. विमान जागच्या जागी धडधाकट उभे असते, वैमानिक हजर असतो, इंधन भरलेले असते. तरीही ते उडू शकत नाही. असे का होते, ते समजून घेण्यासाठी आधी एका प्रवाशाच्या मागे किती संगणक राबतात ते पाहू.

तुम्ही तिकीट काढता, तेव्हा पहिला संगणक तुमचे नाव नोंदवतो. परदेशी जायचे असेल, तर पासपोर्टचा क्रमांकही तेथे जातो. विमानतळावर काउंटरवरील संगणक तुमचे नाव शोधतो, आसन देतो आणि बोर्डिंग पास छापतो. बॅगेला एक चिठ्ठी चिकटवली जाते. तिच्यावरील काळ्या रेघा वाचून यंत्र ठरवते, की ही बॅग दुबईच्या विमानात जायची की दिल्लीच्या. प्रवासी किती, सामानाचे वजन किती, याचा हिशेब आणखी एका संगणकाकडे जातो. विमानाने कोणत्या मार्गाने जायचे, किती उंचीवरून जायचे, वाटेत हवा कशी आहे, इंधन किती लागेल, हे सर्व ठरवून उड्डाणाचा आराखडा तयार होतो. तोही संगणकावरच. भिंतीवरच्या ज्या फलकाकडे मान उंच करून सगळे पाहत असतात, त्यालाही संगणकच माहिती पुरवतो.

अशी ही साखळी आहे. साखळीतील जोडणाऱ्या कडीला मराठीत दुवा म्हणतात. उर्दूतील दुआसुद्धा मराठीत ‘दुवा’ असाच लिहितात, तेव्हा वाक्य पाहून अर्थ लावावा. साखळीतला एक दुवा निखळला, की बाकीचे कितीही मजबूत असले तरी उपयोग होत नाही.

त्यातही एक दुवा विशेष नाजूक आहे. मोठ्या विमानतळावर डझनावारी विमान कंपन्या असतात. प्रत्येकीने आपापले काउंटर आणि आपापले संगणक बसवायचे म्हटले, तर जागा पुरणार नाही आणि खर्चही वाढेल. म्हणून अनेक विमानतळांवर काउंटर सर्वांचे सामाईक असतात. सकाळी जेथे एका कंपनीची पाटी दिसते, तेथेच दुपारी दुसरीची लागते. संगणक तेच, त्यातील प्रणालीही तीच. ही सोय चांगली आहे. पण सगळे गाव एकाच विहिरीवर पाणी भरत असेल, तर त्या विहिरीत कोणी काही टाकले की सगळ्या गावाची तहान अडते.

तसेच १९ सप्टेंबर २०२५ च्या रात्री घडले. कॉलिन्स एरोस्पेस नावाच्या अमेरिकन कंपनीची ‘म्यूज’ ही सामाईक प्रणाली युरोपातील अनेक विमानतळांवर वापरली जाते. त्या शुक्रवारी रात्री ती बंद पडली. दुसऱ्या दिवशी लंडनचा हीथ्रो, बेल्जियममधील ब्रुसेल्स आणि जर्मनीची राजधानी बर्लिन येथील विमानतळांवर रांगा वाढू लागल्या. बॅगांच्या चिठ्ठ्या छापल्या जाईनात. बोर्डिंग पास निघेनात. बर्लिनमध्ये त्याच रविवारी मोठी मॅरेथॉन शर्यत होती. त्यामुळे तेथे एरवीपेक्षा जास्त गर्दी होती. कर्मचाऱ्यांनी पेन आणि कागद हाती घेतले आणि प्रवाशांची नावे हाताने लिहायला सुरुवात केली.

सर्वांत जास्त फटका ब्रुसेल्सला बसला. सोमवारी तेथून २७६ विमाने सुटणार होती. त्यांपैकी सुमारे १४० उड्डाणे रद्द करा, असे विमानतळाने कंपन्यांना सांगितले, कारण प्रणाली दुरुस्त होऊन आली नव्हती आणि हाताने तेवढे काम उरकणे शक्य नव्हते. त्याच दिवशी युरोपीय संघाच्या सायबर सुरक्षा संस्थेने जाहीर केले, की हा रॅन्समवेअरचा हल्ला आहे. पुढे इंग्लंडमध्ये एका माणसाला पोलिसांनी संशयावरून अटक केली आणि नंतर जामिनावर सोडले.

रॅन्समवेअर हा शब्द लांबलचक आहे, पण त्यातली गोष्ट जुनीच आहे. पूर्वी लुटारू गावाला वेढा घालून खंडणी मागत. हल्लीचा लुटारू कोणाच्या तरी संगणकात गुपचूप एक आज्ञावली सोडतो. ती आज्ञावली त्या संगणकातील सर्व माहितीचे रूपांतर न वाचता येणाऱ्या अक्षरांत करून टाकते. माहिती जागेवरच असते, पण जणू तिला कुलूप लागलेले असते आणि किल्ली चोराजवळ असते. मग पडद्यावर संदेश येतो: इतके पैसे द्या, किल्ली देतो. पैसे दिले तरी किल्ली मिळेलच, याचा भरवसा काय? चोराने दिलेल्या शब्दाची किंमत ती किती! म्हणून शहाण्या संस्था आपल्या माहितीची एक प्रत नेहमी वेगळ्या ठिकाणी ठेवतात. ती प्रत मुख्य संगणकाला जोडलेली नसावी, हे महत्त्वाचे. जोडलेली असली, तर कुलूप तिलाही लागते. आपल्या देशातही मे २०२२ मध्ये स्पाइसजेट या कंपनीच्या संगणकांवर असा हल्ला करण्याचा प्रयत्न झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळची तिची अनेक विमाने उशिरा सुटली.

हे हल्ले काही आजकालचे नाहीत. तुमच्या वयाच्या एका मुलाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचे शहर आहे. १० मार्च १९९७ रोजी सकाळी तेथील विमानतळाचे दूरध्वनी अचानक मुके झाले. नियंत्रण मनोऱ्याचा दूरध्वनी बंद, अग्निशामक दलाचा बंद, सुरक्षा विभागाचा बंद, हवामान कार्यालयाचाही बंद. एवढेच नव्हे, तर मनोऱ्यातून वैमानिकांशी बोलण्याचे मुख्य रेडिओ यंत्र आणि उतरणाऱ्या विमानाच्या इशाऱ्याने धावपट्टीवरचे दिवे लावणारी सोय, हीही त्याच तारांवर चालत होती. तीही गेली. सुमारे सहा तास हा प्रकार चालला. सुदैवाने अपघात झाला नाही.

शोध घेता घेता पोलीस एका अल्पवयीन मुलापर्यंत पोहोचले. त्याने विमानतळाच्या एकाही संगणकाला हात लावला नव्हता. घरच्या संगणकाला मोडेम जोडून तो दूरध्वनी कंपनीच्या यंत्रणेत शिरला होता आणि तेथील एक मोठी पेटी त्याने बंद पाडली होती. विमानतळाच्या तारा त्याच पेटीतून जात होत्या. अल्पवयीन हॅकरवर अमेरिकेच्या केंद्र सरकारने भरलेला हा पहिला खटला. त्या मुलाला दोन वर्षे देखरेखीखाली राहावे लागले, मोडेम वापरण्याची बंदी झाली, २५० तास समाजसेवा करावी लागली आणि दूरध्वनी कंपनीला ५,००० डॉलर भरून द्यावे लागले.

या गोष्टीत मला त्या मुलाच्या हुशारीपेक्षा ती पेटी महत्त्वाची वाटते. विमानतळाभोवती कुंपण होते, पहारा होता. पेटी मात्र कुंपणाच्या बाहेर होती, दुसऱ्याच कंपनीच्या ताब्यात. ब्रुसेल्सलाही हेच झाले नाही का?

पोलंडमध्ये २१ जून २०१५ रोजी अशीच वेळ आली. तेथील ‘लॉट’ या विमान कंपनीच्या जमिनीवरील संगणकांवर हल्ला झाला आणि वॉर्साच्या विमानतळावरून सुटणाऱ्या विमानांचे आराखडे तयार होईनात. आराखड्यावाचून विमानाला निघता येत नाही. दहा उड्डाणे रद्द झाली, आणखी काही उशिरा सुटली आणि सुमारे १,४०० प्रवासी अडकून पडले. आकाशात असलेली विमाने मात्र सुखरूप उतरली. सुमारे पाच तासांनी काम सुरळीत झाले.

आता एक वेगळा प्रसंग पाहू. यात हल्लेखोर कोणीच नव्हता. हल्ल्यापासून संगणकांचे रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या कंपनीने १९ जुलै २०२४ रोजी आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे एक सुधारणा पाठवली. तिच्यात चूक होती. भारतात तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. जगभर संगणकांचे पडदे निळे होऊ लागले. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. राखणदारानेच घाईघाईत आतून कडी लावावी आणि घरच्या माणसांना बाहेर उभे राहावे लागावे, तसे झाले. चूक कंपनीच्या तासा-दीड तासातच लक्षात आली, पण बंद पडलेले कित्येक संगणक माणसाने एकेकापाशी जाऊन सुरू करावे लागले. अमेरिकेतील डेल्टा या कंपनीला तर पुढील काही दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द करावी लागली.

आपल्याकडे मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर अशा सर्व मोठ्या विमानतळांवर रांगा लागल्या. इंडिगो कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी कोरे बोर्डिंग पास घेतले आणि त्यांवर प्रवाशाचे नाव, विमानाचा क्रमांक, तारीख आणि आसन पेनाने लिहून दिले. त्या पासांची छायाचित्रे त्या दिवशी देशभर पाहिली गेली. पुष्कळांना हसू आले. खरे पाहता त्यात हसण्यासारखे काही नव्हते. बोर्डिंग पासवर जी माहिती आवश्यक असते, ती चार ओळींची असते. ती कोणत्या चार ओळींची, हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे काम छापण्याच्या यंत्रावाचून अडत नाही. दिल्लीत एका पांढऱ्या फळ्यावर विमानांचे क्रमांक आणि दारांचे क्रमांक लिहिण्यात आले. लाखो रुपयांचे फलक अंधारले, तेव्हा शाळेतल्यासारखा फळा कामी आला, हे वाचून मला शिक्षक म्हणून थोडा आनंद झाला, हे लपवत नाही.

वर्गात ही गोष्ट सांगितली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘मग सगळे काम नेहमीच हाताने का करत नाहीत? चोराची भीतीच नको.’’

प्रश्न चांगला होता. याचे उत्तर आकड्यांत आहे. मुंबईच्या विमानतळावर एकाच वेळी एकच धावपट्टी वापरता येते. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवशी तेथे १,०३२ विमानांची ये-जा झाली. वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी तेथून ये-जा करतात. इतक्या लोकांची नावे हाताने लिहायची ठरवली, तर सकाळचे विमान रात्री सुटेल. हाताने काम होते, पण हळू होते. त्याने दिवस निभावतो, महिना निभावत नाही. दिल्लीला ७ नोव्हेंबर २०२५ रोजी याचा अनुभव आला. उड्डाणांच्या आराखड्यांचे संदेश नियंत्रकांकडे आपोआप पोहोचवणारी यंत्रणा तेथे बिघडली. हा तांत्रिक बिघाड असल्याचे भारतीय विमानतळ प्राधिकरणाने सांगितले. नियंत्रकांनी हाताने काम करून विमाने सोडली. एकही उड्डाण धोक्यात आले नाही, परंतु ८०० हून अधिक उड्डाणांना उशीर झाला. उशीर म्हणजे केवळ कंटाळा नव्हे. नोकरीवर हजर होण्याचा शेवटचा दिवस, परीक्षा, शस्त्रक्रिया, कोणाची तरी मय्यत, अशी कितीतरी कारणे त्या रांगांत उभी असतात.

काही चोरांना मात्र विमानतळ बंद पाडायचा नसतो. त्यांना फक्त माहिती हवी असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘सीता’ या संस्थेच्या संगणकांतून अनेक विमान कंपन्यांच्या प्रवाशांची माहिती चोरीला गेली. त्यांत एअर इंडियाचे जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवासी होते. ऑगस्ट २०११ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत नोंदवलेली ही माहिती होती. नाव, जन्मतारीख, दूरध्वनी क्रमांक, पासपोर्टची माहिती, तिकिटाची माहिती, काहींच्या क्रेडिट कार्डांचे तपशीलही त्यात होते. येथेही पहा, शिरकाव विमान कंपनीच्या घरात झाला नव्हता. तिने आपली वही ज्यांच्याकडे ठेवली होती, त्यांच्या घरात झाला होता. अशी माहिती हाती लागलेला ठग पुढे दूरध्वनी करतो, तुमचे नाव आणि जन्मतारीख बिनचूक सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, हा खरोखरच कंपनीचा माणूस आहे.

कधी कधी तर ही माहिती आपण होऊन दिली जाते. विमानात बसण्याआधी बोर्डिंग पासचे छायाचित्र काढून ते सर्वांना दाखवण्याची अनेकांना हौस असते. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनीही मार्च २०२० मध्ये तेच केले. एका तरुणाने ते छायाचित्र पाहिले. त्यावरील आरक्षणाचा क्रमांक आणि आडनाव वापरून तो विमान कंपनीच्या संकेतस्थळावर गेला आणि तेथून त्याला माजी पंतप्रधानांचा पासपोर्ट क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक मिळाला. तो तरुण प्रामाणिक होता. त्याने ही गोष्ट संबंधितांना कळवली आणि कंपनीने आपली चूक सुधारली. आरक्षणाचा तो सहा अक्षरांचा क्रमांक म्हणजे एक प्रकारची किल्लीच असते. घराच्या किल्लीचे छायाचित्र आपण रस्त्यावर लावू का?

त्याच देशात आणखी एक माणूस पकडला गेला. तो विमानतळांवर आणि विमानांतही एक छोटे यंत्र घेऊन बसत असे. ते यंत्र विमानतळाच्या मोफत वायफायचेच नाव धारण करी. लोक विश्वासाने त्याला आपला मोबाइल जोडत. मग पडद्यावर एक खोटे पान येई आणि ते ईमेलचा पासवर्ड मागे. एप्रिल २०२४ मध्ये एका विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना उडत्या विमानात असे संशयास्पद जाळे दिसले. त्यांनी ते वेळीच कळवले, म्हणून तो सापडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला सात वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. लक्षात घ्या, त्याला कोणत्याही महागड्या यंत्राने पकडले नाही. कामावर असलेल्या माणसांच्या सावध नजरेने पकडले.

संगणकात न शिरताही विमाने अडवता येतात, हे आपल्या देशाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पाहिले. समाजमाध्यमांवरून विमानांत बॉम्ब असल्याच्या खोट्या धमक्या येऊ लागल्या. १४ ऑक्टोबरला मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले विमान दिल्लीला उतरवावे लागले. अशा धमक्यांच्या तपासात मुंबई पोलिसांनी छत्तीसगडमधील १७ वर्षांच्या एका मुलाला ताब्यात घेतले. पैशांवरून भांडण झालेल्या ओळखीच्या माणसाला अडकवण्यासाठी त्याने त्याच्या नावाने खाते उघडले होते, असे पोलिसांचे म्हणणे होते. भांडण दोघांचे, आणि खोळंबा शेकडो प्रवाशांचा! धमकी खोटी वाटली, तरी तपासणी खरीच करावी लागते.

आता थोडे आकाशाकडे वळू. विमान आपण कोठे आहोत, हे उपग्रहांच्या मदतीने ओळखते. या पद्धतीला जीपीएस म्हणतात. तुमच्या घरच्या मोबाइलमध्येही ती असते. हे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात. एवढ्या लांबून येणारा संकेत पृथ्वीपर्यंत पोहोचेतो फार क्षीण होतो. कोणी कानात कुजबुजत असताना शेजारी ढोल वाजू लागला तर काय ऐकू येणार? त्याचप्रमाणे जमिनीवरून जोरकस लहरी सोडून हा संकेत बुडवता येतो. त्याहून वाईट म्हणजे खोटा संकेत पाठवणे. कोणी आपल्या आईच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून हाक मारावी, आणि आपण भलत्या दिशेला चालू लागावे, तसा हा प्रकार. संकेत बुडाला, तर वैमानिकाला लगेच कळते. संकेत खोटा असला, तर यंत्र शांतपणे चुकीची जागा दाखवत राहते.

ज्या भागांत युद्ध किंवा तणाव असतो, तेथे हे प्रकार अधिक होतात. सप्टेंबर २०२३ पासून इराक आणि इराणच्या आकाशातून जाणाऱ्या अनेक विमानांना असे खोटे संकेत मिळाले. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये विमान कंपन्यांना याबाबत सूचना दिल्या. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात आपल्या सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, अशा ४६५ घटनांची नोंद झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले.

पुढे दिल्लीजवळही काही विमानांना खोटे संकेत मिळाले. दहा क्रमांकाच्या धावपट्टीकडे उपग्रहाच्या आधाराने उतरत असताना हा प्रकार घडला. त्या विमानांसाठी अशा प्रसंगी वापरायची पर्यायी पद्धत वापरण्यात आली. ज्या धावपट्ट्यांवर जमिनीवरून रेडिओ लहरी सोडून विमानाला वाट दाखवणारी जुनी साधने होती, तेथील कामावर परिणाम झाला नाही. ही साधने जवळची असतात, त्यामुळे त्यांचा आवाज जोरकस असतो. उपग्रहांची सोय आल्यावर ती काढून टाकावीत, असा विचार करणे सोपे होते. पण भारताने अशा साधनांचे एक किमान जाळे देशभर चालू ठेवले आहे, आणि वैमानिकांना ती वापरण्याचा सरावही असतो.

शब्दार्थ

बंदोबस्त – पहारा, व्यवस्था
प्रणाली – संगणकाकडून काम करवून घेणारी व्यवस्था
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांची मालिका
दुवा – साखळीतील कडी
निखळणे – जागेवरून सुटणे
सामाईक – सर्वांचे मिळून असलेले (उर्दूत मुश्तरका)
खंडणी – धमकी देऊन उकळलेले पैसे (उर्दूत तावान)
राखणदार – पहारा करणारा, चौकीदार
क्षीण – दुबळा, कमजोर
हुबेहूब – अगदी तसाच
खोळंबा – काम अडून राहणे

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विमानतळांवर काउंटर सामाईक का ठेवतात?
(आ) वूस्टर येथील मुलाने कोणाच्या यंत्रणेत शिरकाव केला होता?
(इ) बोर्डिंग पासचे छायाचित्र इतरांना दाखवणे धोक्याचे का आहे?

२. सात-आठ वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘रॅन्समवेअर’चा हल्ला कसा होतो, ते तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) संकेत बुडवणे आणि खोटा संकेत पाठवणे यांतील फरक पाठातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.

३. ‘हाताने काम होते, पण हळू होते.’ पाठातील दोन प्रसंग देऊन हे विधान समजावून सांगा.

४. पुढील वाक्यांत ‘दुवा’ या शब्दाचा अर्थ काय, ते ओळखा.
(अ) म्हातारीने मुलाला दुवा दिली.
(आ) साखळीचा एक दुवा तुटला.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा: फटका बसणे, कामी येणे, ताब्यात घेणे, वेळ निभावणे.

६. उपक्रम: तुमच्या घराजवळील बँक, रेल्वे स्थानक किंवा दवाखाना यांपैकी एका ठिकाणी जा. संगणक बंद पडला, तर तेथील कर्मचारी काम कसे चालवतात, ते विचारा आणि दहा ओळी लिहून आणा.